चुकीचा फळा

मी ज्या माणसाचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, तो माणूस आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दाराबाहेर दर सोमवारी धडधडीत खोटं लिहून ठेवत असे.

गाव त्यांना लायब्ररीकाका म्हणायचं. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते त्यांना आवडणार नाही. नावावरून त्यांच्याशी भांडण मला नको आहे. मला एका वेगळ्याच गोष्टीवरून त्यांच्याशी भांडायचं आहे.

ती गोष्ट अशी. आमचं वाचनालय आता नव्या इमारतीत जाणार आहे आणि त्यानिमित्तानं गावचा इतिहास पुस्तकरूपानं निघतो आहे. त्याचं संपादन माझ्याकडे आहे. मिठागरांचं प्रकरण तयार आहे, तळ्याचं आहे, जमिनी जाऊन कंपन्या आल्या त्याचं आहे. फक्त एक पान अडलं आहे, ते म्हणजे वाचनालय कसं सुरू झालं ह्याचं. हे सांगू शकेल असा एकच माणूस, काका. ते सांगत नाहीत. त्यांची वाट बघून कंटाळलेल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीनं स्वतःच एक पान लिहून माझ्याकडे पाठवलं आहे. ते वाचायला गोड आहे. कोणा उदार कारखानदाराच्या प्रेरणेनं ज्ञानाचा दिवा लागला वगैरे. त्यात खरं काही असेल असं मला वाटत नाही, पण खोटं आहे हे सिद्धही करता येत नाही. काका बोलले नाहीत तर हेच पान छापलं जाणार, आणि एकदा छापलं की पुढची पन्नास वर्षं तेच खरं.

मी ह्या गावचा नाही. लातूरच्या पुढं एका तालुक्याच्या गावी माझी शाळा झाली. वडील बाजार समितीत हमाल, आई शाळेत खिचडी शिजवायची. बारावीनंतर मी रबाळ्याला एका कंपनीत पॅकिंगला लागलो आणि गावठाणात चाळीतली एक खोली चौघांत घेतली. पदवी बाहेरून करायची ठरवली होती. खोलीत अभ्यास करायला जागा नव्हती. स्टेशनच्या खाडीकडच्या बाजूनं गावात शिरलं की देऊळ, देवळाशेजारी समाजमंदिर, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर वाचनालय. जिना लोखंडी. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर काळा फळा.

मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'आपल्या गावात कधीही मिठागर नव्हतं.'

मला काय, मी नवा. असेल तसं, म्हणून मी जिना चढू लागलो. तेवढ्यात मागं स्कूटर थांबली. पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी, वय सत्तरीच्या पुढं. फळा वाचून त्या आजोबांचा चेहरा लाल झाला. मला बाजूला सारून ते वर आले आणि दारातूनच ओरडले, "कोनी लिवलाय ह्यो? कोन शाना हाय?"

टेबलामागं एक उंच, हडकुळे गृहस्थ बसले होते, तेच लायब्ररीकाका. पायांशी काढून ठेवलेले, कारखान्यात घालतात तसले लोखंडी टोकाचे बूट. ते शांतपणे म्हणाले, "मी. का? चुकलं का काही?"

"चुकलं? माजे बापसाचा जल्म गेला मिठागरान! तुमी बाहेरचे. तुमाला आमचे गावचा काय म्हाईत?"

"माहीत नाही म्हणूनच चुकतो ना. कुठं होतं म्हणता मिठागर?"

"आता कुठं म्हंजे? खारीवर!"

"खाडी केवढी लांब आहे, आजोबा. नक्की कुठं?"

"चपला काढून या आणि दाखवा," काका म्हणाले. मला वाटलं देवस्थानासारखं काही असेल. तसं नव्हतं. वाचनालयाच्या जमिनीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ऑइलपेंटनं गावचा नकाशा काढलेला होता. खिडक्यांकडे खाडी, दाराकडे डोंगर. त्या आजोबांनी चपला काढल्या, नकाशावर चालत गेले आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली वाकून बोट ठेवलं. "ह्यो बांध. ही उघारी, भरतीचा पानी आत घ्याचा तो लाकराचा दरवाजा. आनि ह्या माजे बापसाच्या कोंड्या, मीठ पिकाचे वाफे." मग ते तिथंच जमिनीवर बसले. मीठ कसं पिकायचं, कोण ओढायचं, पायांना भेगा पडल्या की काय लावायचे, सगळं सांगत राहिले. काका शेजारी मांडी घालून लिहीत होते. मध्येच मुद्दाम एखादं चुकीचं बोलायचे. "म्हणजे पावसाळ्यात मीठ जोरात पिकत असेल." आजोबा पुन्हा उसळायचे आणि आणखी दहा गोष्टी सांगायचे.

सगळं झाल्यावर काकांनी स्टोव्ह पेटवला आणि कोरा चहा केला. वाचनालयात चहा असा सहज मिळत नसे. ज्यानं काकांची चूक सुधारली, त्यालाच. आजोबा चहा पिऊन निघाले तेव्हा जिन्यावरून पुन्हा ओरडले, "आनि तो फला पुसा आदी!"

काकांनी फळा पुसला. मी तिथंच उभा होतो. मला म्हणाले, "बघितलंस? हाच माणूस गेल्या महिन्यात इथं पेपर वाचायला आला होता. मी म्हटलं, आजोबा, मिठागराच्या आठवणी सांगा. तर म्हणाला, आता काय आठवनार, जाऊ दे. आठवण मागितली की माणूस लाजतो रे. चूक दाखव म्हटलं की त्याला सगळं आठवतं."

काका मूळचे चिपळूणकडचे. पावण्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, तो बंद पडला. पुढं त्यांच्या हातून वाचनालय कसं सुरू झालं, ह्याबद्दल गावात तीन मतं होती. एक मत असं, की बंद पडलेल्या कारखान्याच्या कँटीनमधली पुस्तकं त्यांनी हातगाडीवर घालून आणली. दुसरं मत, की गावातल्या एका सुनेनं माहेरून आणलेली ट्रंकभर पुस्तकं सासऱ्यानं बाहेर काढली आणि काकांनी ती उचलली. तिसरं मत मला आवडायचं. त्यात भजनी मंडळाशी लावलेली कसली तरी पैज होती आणि काका ती जिंकले होते. काकांना विचारलं की ते तिन्हींना मान डोलवायचे. "असेल हो. तसंही असेल." इतरांच्या आठवणींची साल काढणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत इतका ढिला कसा, हे मला कळत नसे. एकदा फारच खनपटीला बसलो तेव्हा म्हणाले, "मेल्या, ग्रुप फोटो काढणारा फोटोत कसा येईल? मग काढणार कोण?"

स्टोअरकीपरच्या सवयी त्यांनी सोडल्या नव्हत्या. वाचनालयातल्या प्रत्येक वस्तूला तारेनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी असे. पंख्याला, माठाला, एवढंच काय, त्यांच्या स्वतःच्या छत्रीलाही. गावच्या इतिहासाचं कपाट वेगळं होतं. त्यातल्या फायलींवर विषयाचं नाव नसायचं, ज्यानं चूक सुधारली त्या माणसाचं नाव असायचं. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, बांधावर उभं राहून काढलेले फोटो, जमीन गेल्याची नोटीस, जे जे लोक भांडताना पुरावा म्हणून घेऊन आले ते सगळं त्या फायलींत. लोकांना आपल्या नावाची फाईल दाखवायला पाहुणे घेऊन येताना मी पाहिलं आहे.

एक शब्द त्यांच्यापुढं उच्चारायची सोय नव्हती. 'पूर्वी.' कुणी "पूर्वी इथं खूप मासळी मिळायची" म्हणालं की काकांची लेखणी थांबायची.

"पूर्वी म्हणजे कधी? तुमच्या लग्नाआधी की नंतर?"

"आदी."

"लग्नात मासळी होती का?"

"होती तर! जिताडा होता. आमचे सासऱ्यानी सोता पकरलेला."

"मग लग्नानंतर कधी बंद झाली?"

असं करत करत ते त्या माणसाला एखाद्या बारशापर्यंत किंवा मयतापर्यंत आणून सोडायचे, आणि तारीख आपोआप सापडायची. मी पुढं ग्रंथालयशास्त्र शिकलो, तेव्हा मुलाखत घेण्यावर एक धडा होता. मला तो वाचावाच लागला नाही.

त्यांनी मला शिकवलं असं म्हणता येणार नाही. शेजारी बसवून घेतलं. सुट्टीच्या दिवशी लोक बोलायचे ते उतरून घ्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. पहिल्या वेळी मी सगळं पुस्तकी मराठीत लिहिलं. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "हे कोण बोललं?" मी म्हटलं, "ते आजोबा." "ते 'तथापि' म्हणाले?" त्यांनी कागद परत दिला. "मेल्या, त्यांना त्यांच्या तोंडानं बोलू दे. तुझं तोंड तुला पेपरात लागेल."

पेपरात ते तोंड काही चाललं नाही. दुसऱ्या वर्षाला माझे दोन विषय राहिले. त्या आठवड्यात कंपनीत माणसं कमी केली, मला दुहेरी पाळी लागली. आईला फोनवर सांगितलं, आता बस झालं, शिक्षण आपल्या घरात कुणाला लाभलंय. मी वाचनालयात जायचं बंद केलं. पुस्तकं परत करायला म्हणून एका सोमवारी गेलो, तर फळ्यावर माझं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

'कळविण्यास आनंद होतो की, आमचे वाचक अमुक अमुक हे यापुढे कोणतीही परीक्षा देणार नाहीत.'

खाली देवळात येणारीजाणारी माणसं ते वाचत होती. आमची घरमालकीण भाजीची पिशवी घेऊन उभी होती. ती मला म्हणाली, "काय रं, शाला सोरलीस?" मी जिना कसा चढलो ते मला माहीत नाही. दारातूनच ओरडलो, "कोण म्हणालं? तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका छत्रीला नवी चिठ्ठी बांधत होते. "का? चुकलं का काही?"

ते ओळखीचे शब्द ऐकून मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, "चुकलंय."

"नक्की कुठं चुकलंय?"

"देणार आहे मी परीक्षा."

"कधी?"

"ऑक्टोबरात."

"फॉर्म?"

"उद्या भरतो."

"उद्या म्हणजे पूर्वीचाच भाऊ." त्यांनी स्टोव्ह पेटवला. "बस. आणलाच असशील तर इथंच भर."

फॉर्म माझ्या पिशवीत होता. महिनाभर तसाच फिरत होता, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी तो भरला, आणि त्या वाचनालयात मला पहिल्यांदा चहा मिळाला. पुढं निकाल लागल्यावर आईनं तालुक्याच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं. आज मी नेरूळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे वाक्य लिहिताना मला अजूनही त्या फळ्यावरचं माझं नाव दिसतं.

असा हा फळा एकदा काकांवरच उलटला.

गावात तळं आहे, देवळाच्या मागं. दगडी काठाचं, बरंच जुनं. त्याच्याबद्दल काकांच्या कपाटात काहीच नव्हतं. म्हणून एका सोमवारी त्यांनी लिहिलं, 'आपलं तळं एका राजानं आपल्या राणीसाठी खोदलं.' लिहून झाल्यावर मला म्हणाले, "आता बघ. दुपारपर्यंत जिना तुटेल."

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. काका खिडकीतून खाली बघायचे. लोक फळ्यापाशी थांबत होते, वाचत होते, मान डोलवत होते आणि पुढं जात होते. एकानं तर फळ्यासमोर उभं राहून सेल्फी काढला. आठवड्याच्या शेवटी तो फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, खाली 'आपला अभिमान' आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग. मग कुणीतरी त्याला संगीत लावलं. कुणीतरी राजाला घोडा दिला.

काका म्हणाले, "पुसू या." आम्ही पुसलं. पण तोवर फळ्याची गरज उरली नव्हती. दोनतीन महिन्यांत गावाच्या तोंडाशी नवी कमान उभी राहिली आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं बसली: ऐतिहासिक राजतलाव नगरीत आपले सहर्ष स्वागत.

काका तडक कार्यकारिणीच्या अध्यक्षांकडे गेले. मी बरोबर होतो. अध्यक्ष गावातलेच, बिल्डिंग मटेरियलचा धंदा, कमान त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिलेली, माणूस चांगला. त्यांनी खुर्च्या पुढं केल्या, सोडा मागवला.

"अध्यक्ष, ती कमान उतरवा. ते खोटं आहे."

"काका, तुमीच लिवलंय ना? आपल्याकडं फोटो हाय."

"खोटं आहे म्हणूनच मी लिहिलं. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे."

"पद्धत ठाऊक हाय, पन कोन बोलायला आला का? कोनीच नाय. म्हंजे खरा असंल." त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि जरा वाकून, अगदी आदरानं विचारलं, "आनि काका, ह्या खोटा आसंल तर तुमचे कपाटातला बाकीचा खरा कशावरून? ते बी फल्यावरूनच आलाय ना?"

काका उठले. वाचनालयात येऊन त्या कपाटासमोर उभे राहिले. मला त्या वेळी भीती वाटली, की हे आता सगळं बंद करतील. कारण प्रश्न कमानीचा राहिलाच नव्हता. वाचनालयाच्या शब्दाला गावात किंमत राहणार की नाही, असा तो प्रश्न होता. फायलींवरून हात फिरवत ते म्हणाले, "मी धरून चाललो होतो की चूक दिसली की माणूस भांडतो. पण चूक आवडली तर कशाला भांडेल?" मग माझ्याकडे वळून, "आणि वाचतं कोण रे आपला फळा? मोज बघू, ह्या जिन्यावर बायका किती चढल्या?"

मला एकही आठवली नाही. बायका मुलांना पाठवून पुस्तकं नेत, स्वतः वर येत नसत. खाली समाजमंदिराच्या ओट्यावर कायम पुरुष बसलेले असत, त्यांच्यामधून जिना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तळ्यावर गेले, मीही बरोबर. तिथं काठावर मासळीवाल्या बसतात. काकांनी जवळा घ्यायचं निमित्त केलं आणि मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखं, तेच वाक्य म्हणाले. "हे तळं एका राजानं आपल्या राणीसाठी खोदलं."

मग टोकाला बसलेली एक थोराड म्हातारी कोयता तसाच हातात धरून म्हणाली, "कोनता राजा रं?"

"कमानीवर लिहिलंय."

"कमानीवर? ती अक्षरा त्याची हाईत व्हय? मना वाटला कुठल्या दुकानाची जायरात." ती शेजारणीकडे वळली. "आयकलंस का गो? तुजी आजेसासूस रानी व्हती!"

"रानी?" शेजारीण म्हणाली. "डोक्यावं मातीची पाटी घेतलेली रानी!"

सगळ्या जणी हसल्या, आणि मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. काकांनी खिसे चाचपले. लिहायला काही नव्हतं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जवळा बांधायला आणलेला कागद पुढं केला.

तळं बायकांनी खोदलं होतं. पुरुष मिठागरांत असत तेव्हा. गोड्या पाण्याची विहीर खारट झाली होती. घरटी काठाचा एक तुकडा वाटून दिला होता, त्या घरच्या बायकांनी तेवढं खणायचं आणि तेवढाच काठ दगडानं बांधायचा. ज्या घरात हात जास्त त्यांचा काठ रुंद, विधवा एकटी असेल तिचा दोन पायऱ्यांचा.

"पुरावा?" काका म्हणाले. सवयीनंच.

म्हातारी कोयत्यानं दाखवत गेली. "ह्यो बग. पायऱ्या एकसारख्या हाईत का? ह्यो आमचा काठ. ह्यो हिचा. मी हिचे काठावं कदी बसलंय का इचार. नाय बसायची. आनि गनपती? आमचा गनपती आमचे काठावरून जातो, हिचा हिचे काठावरून. क्याला म्हंजे? सासूस तशी न्यायची म्हनून."

मी त्या गावात इतकी वर्षं विसर्जन बघत होतो. प्रत्येक घराचा गणपती ठरलेल्या जागीच पाण्यात उतरतो, दुसरीकडे कितीही मोकळं असलं तरी माणसं आपल्या जागेसाठी थांबून राहतात. मला वाटायचं, असते एकेकाची श्रद्धा. गावातल्या पुरुषांनाही तसंच वाटायचं. तेही तिथंच थांबायचे आणि का ते कधी विचारायचे नाहीत.

काका त्या असमान पायऱ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे अध्यक्षांना सांगाल का?"

"त्याला?" म्हातारीनं कोयता पाण्यात बुडवून काढला. "त्याला आमी सांगू. तो माजा पोर हाय."

कमान त्या आठवड्यात उतरली. अध्यक्षांनी नंतर आम्हाला जे सांगितलं ते एवढंच, की "काका, आयशीनी जेवताना इषय कारला. सगल्या बायका आमचे ओट्यावं बसलेल्या. काय बोलू?" आता कमानीवर राजा नाही. 'गावतळे' एवढंच मोठ्या अक्षरात, आणि खाली, 'घरोघरच्या बायांनी खोदलेले.' गणपतीत बाहेरची माणसं तिथं थांबून वाचतात. तळ्याच्या फाईलवर काकांनी त्या दिवशी हजर असलेल्या सगळ्या जणींची नावं घातली, मासळीवाल्या म्हातारीचं सगळ्यात वर. आणि फळा जिन्यावरून काढून तळ्याच्या भिंतीवर नेला. दर सोमवारी सकाळी ते तिथं उभे राहून तो मोठ्यानं वाचायचे. "माझा फळा आजवर अर्ध्या गावाचाच होता," असं ते कुणालाही सांगत, न विचारता.

पुढं गुडघ्यांनी दगा दिला. जिना चढवेना. मुलीनं त्यांना हुबळीला नेलं. जाताना लोखंडी टोकाचे बूट वाचनालयात ठेवून गेले, चिठ्ठी बांधून. चिठ्ठीवर वस्तूचं नाव आहे, कुणाचे ते नाही. फोन त्यांना आवडत नाही. "फोनवर माणूस हो-हो करतो" म्हणतात. मी पत्रं पाठवली. काका, वाचनालय कसं सुरू झालं ते तेवढं लिहून पाठवा, गावावर उपकार होतील. उत्तरं आली ती पोस्टकार्डावर, सुंदर अक्षरात. 'पुस्तक कुठवर आलं? ऱ्हस्व-दीर्घ नीट बघ.' पुढच्या वेळी, 'नकाशा नव्या इमारतीतही जमिनीवरच हवा. भिंतीवर टांगलेल्या नकाशावर कुणाला चालता येत नाही.' माझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

मासळीवाल्या आजींना मी हे सांगितलं. त्या आता थकल्या आहेत पण काठ सोडलेला नाही. त्या म्हणाल्या, "तू त्याला हात जोरतोस? मंग तो क्याला बोलंल? त्यानी आमाला कदी हात जोरले?"

मी घरी आलो आणि हे पत्र लिहिलं. पोस्टात टाकलं आहे.

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

पुस्तकाचं काम संपत आलं. तुम्हाला वारंवार त्रास दिला, आता देणार नाही. वाचनालयावरचं पान आम्ही आमच्या माहितीप्रमाणे लिहिलं आहे. छापायला जाण्यापूर्वी केवळ तुमच्या नजरेखालून जावं म्हणून उतरवून पाठवतो.

'आपलं वाचनालय एका उदार कारखानदाराच्या प्रेरणेनं सुरू झालं. पहिलं कपाट त्यांनीच भेट दिलं आणि पहिली पुस्तकंही त्यांनीच निवडली. फार पूर्वीची गोष्ट आहे. पहिल्या ग्रंथपालांना गावाची विशेष ओढ नव्हती. वेळ जात नसे म्हणून ते येऊन बसत. जमिनीवरचा नकाशा एका पेंटरनं स्वतःच्या हौसेनं काढला. चुकीच्या फळ्याची कल्पना प्रस्तुत संपादकाची, ग्रंथपालांचा तिला विरोध होता. ते चहा चांगला करत नसत. त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नाही, आणि त्यांच्यामुळे कुणाचं भलं झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही.'

ह्यात काही चुकलं नसेल तर उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. पान आहे तसंच छापलं जाईल.

स्टोव्ह साफ करून ठेवला आहे.

आपला,
यापुढे कोणतीही परीक्षा न देणारा वाचक